तालुक्याचं जुनं वाचनालय: काय ठेवायचं, काय काढायचं?

कपाटातला_गणू

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं वाचनालय डोळ्यापुढे ठेवून हा धागा काढतोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण वर्णन बऱ्याच ठिकाणी जुळेल. इंग्रजी अमदानीतली स्थापना, दगडी जोतं, कौलं, वर लाकडी मजला. पुस्तकं साधारण अठरा हजार. त्यातली निम्मी गेल्या दहा वर्षांत कुणी घरी नेलेली नाहीत.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, जुनं काढा, साठ खुर्च्यांची अभ्यासिका करा, स्पर्धा परीक्षांची पोरं दारात उभी आहेत. दुसरा म्हणतो, एक पानसुद्धा बाहेर जाता कामा नये.

माझं मत: दोघेही पुस्तकं न उघडता बोलतायत. प्रश्न दोन. (१) पुस्तक बाद करायचं ते कशाच्या आधारावर? (२) अभ्यासिका आली की वाचनालय शिल्लक राहतं का? जाणकारांनी लिहावं. 'मोबाइलमुळे वाचन संपलं' हा प्रतिसाद कृपया नको, तो आधीच वाचलेला आहे.

रद्दी_नव्हे_ठेवा

मोबाइलमुळे वाचन संपलं.

(मोबाइलवरून टंकलेलं.)

पेठेतला_पंत

'इंग्रजी अमदानीतली' एवढ्यावर भागणार नाही, साल सांगा. कपाटात काय सापडणार ते सालावर ठरतं.

रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. ही पहिली फळी. तेव्हा बहुतेकांचं नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असं होतं; 'नगर वाचनालय' आणि 'नगर वाचन मंदिर' ही बारशी नंतरची. साहेबाचा आश्रय, चार सरदार-इनामदारांची वर्गणी, निम्मी पुस्तकं इंग्रजी, आणि मुख्य आकर्षण वर्तमानपत्रं. पुण्याच्या लायब्ररीमागे लोकहितवादी होते, वय वर्षं पंचवीस.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. या संस्थांचा बाणा वेगळा: मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जमवायचं. म्हणून त्यांनी नावातच 'संग्रहालय' घातलं. पुण्यातलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. टिळकयुगात गावोगाव निघालेली वाचनालयं आणखी तिसऱ्या प्रकारची. तिथे केसरीच्या फायली असतात आणि इंग्रजी पुस्तकं जवळजवळ नसतात.

तेव्हा गणूशेठ, आधी संस्थेची घटना आणि पहिलं इतिवृत्त काढा. तुमचं वाचनालय संग्रह करायला निघालं होतं की देवघेव करायला, ते तिथे लिहिलेलं असेल.

अवांतर: पुण्याची लायब्ररी बुधवार वाड्यात होती आणि १८७९ च्या आगीत तो वाडा गेला. त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. पुढे शासकीय विभागीय ग्रंथालय थाटलं ते त्याच विश्रामबागवाड्यात! पुणेरी जिद्द म्हणतात ती ही.

दप्तरदार

पहिल्या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर देतो.

अशी संस्था सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. अनुदान मिळतं ते १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली. म्हणजे पुस्तकं अध्यक्षांच्या तीर्थरूपांची नसतात. बाद करायचा क्रम असा:

आधी पूर्ण मोजणी. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं नोंदतात ती) घेऊन एकानं क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं कपाटातलं पुस्तक हातात धरून 'आहे' म्हणायचं. उलटं करू नका. कपाट बघून वहीत खुणा करत गेलं की एकच क्रमांक दोन पुस्तकांवर पडलेला असतो तो लक्षात येत नाही. बाहेर गेलेल्या पुस्तकांची यादी आधीच काढून ठेवायची.

मग तीन याद्या: हरवलेली, फाटून निकामी झालेली, आणि चांगली पण मागणी नसलेली. तिन्हींचे ठराव वेगळे. पहिल्या दोन एकत्र केल्या की लेखापरीक्षक हमखास विचारतो, 'हरवलेलं पुस्तक रद्दीत विकलंत कसं?' ठरावाचा क्रमांक आणि तारीख दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईनं लिहायची. बाद केलेला दाखल क्रमांक पुन्हा कुठल्याही पुस्तकाला देऊ नये. 'वही भरत आली, जुने नंबर वापरू' ही काटकसर पुढे दहा वर्षं छळते.

हरवण्याचं प्रमाण किती चालतं? केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलं आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. वीस हजारांपर्यंत संग्रह असेल तर मोजणी दरवर्षी. तुम्हाला तो नियम थेट लागू नाही, पण कार्यकारिणीपुढे ठेवायला मोजपट्टी चांगली आहे.

खळ_आणि_सुतळी

दप्तरदारांच्या 'फाटून निकामी' या यादीवर माझा आक्षेप आहे. फाटलेलं आणि निकामी या दोन वेगळ्या गोष्टी.

पानाचा कोपरा हलकेच दोनदा पुढेमागे दुमडा. तुटला तर कागद आतून मेला आहे. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घालून केलेला कागद आम्लानं असा कडकडीत होतो, आणि त्याला बाइंडर काही करू शकत नाही. गंमत म्हणजे १८५० च्या सुमाराचा चिंध्यांचा कागद अजून लवचिक असतो आणि १९४५ चा युद्धकाळातला कागद बिस्किटासारखा मोडतो. म्हणून 'जुनं ते आधी काढा' हा हिशोब साफ चुकीचा. कोपरा टिकला तर पुस्तक बांधणीनं वाचतं.

बांधणी जुजबंदीच (दुमडलेले फर्मे मधून शिवलेली) सांगा. कडेनं भोकं पाडून घातलेली शिलाई स्वस्त पडते, पण पुस्तक पुरतं उघडत नाही, वाचक ते दाबतो आणि तिसऱ्या महिन्यात पाठ फुटते. बाइंडरला तीन गोष्टी लिहून द्या: कटिंग करायचं नाही, मूळ वेष्टण आत घालायचं, मासिकांच्या जाहिराती फेकायच्या नाहीत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं फाडून नुसता मजकूर बांधणारे महाभाग आहेत. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ गेलं की त्या अंकात राहिलं काय?

खळ: एक भाग मैदा, सात-आठ भाग पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायची. चकाकी आली की उतरवायची. चिमूटभर मोरचूद. दोन दिवसांत संपवायची.

जपानी_कागद

मोरचूद नको!! कसर लागत नाही हे खरं, पण तांब्याचा अंश कागदाचा क्षय वाढवतो. रोजच्या देवघेवीतल्या कादंबरीच्या पुठ्ठ्याला एक वेळ चालेल. दुर्मिळ पुस्तकाच्या पानाला अजिबात नाही. तिथे सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर, शंभर मिलिलिटर पाण्यात अडीच-तीन ग्रॅम, रात्रभर फुगवून. ती किडे खात नाहीत आणि पाण्यानं पुन्हा सुटते. वरून पातळ टिश्यू कागद.

आणि सेलोटेप लावणाऱ्याची वर्गणी दुप्पट करा. टेप सुटतो, डाग राहतो, अक्षर उचलून नेतो.

खळ_आणि_सुतळी

@जपानी_कागद, पानांबद्दल तुमचं मान्य. पुठ्ठ्याला मात्र मोरचूदच. तालुक्याच्या बाइंडरला सीएमसी सांगितलं तर तो 'कुठल्या पक्षाचे?' म्हणून विचारेल.

जोशीबुवा_चष्मेवाले

पाच प्रतिसादांत खळ शिजली. धागा मार्गी लागला.

पेठेतला_पंत

दुर्मिळ ओळखायचं कसं हे राहिलंच.

१८६७ च्या मुद्रण-नोंदणी कायद्यापर्यंतची मराठी छापील पुस्तकं म्हणजे दोलामुद्रितं. ती वेगळ्या कपाटात, कुलपात, घरी न देण्याच्या अटीवर. साल अनेकदा शकात असतं: शके १७८५ दिसलं की ७८ मिळवा, १८६३ आलं. शिळाप्रेसवर छापलेलं ओळखायला सोपं: अक्षर हातानं लिहिल्यासारखं, ओळी किंचित वरखाली. गणपत कृष्णाजींचा छापखाना, दक्षिणा प्राइज कमिटी अशी नावं दिसली की हात थांबवा.

मासिकांत विविधज्ञानविस्तार, मनोरंजन, जुने किर्लोस्कर, स्त्री. सुटे अंक असले तरी टाकू नका. मोठ्या ग्रंथालयाच्या संचात नेमका तोच अंक नसतो. पुस्तकाची नोंद दात्यांच्या मराठी ग्रंथसूचीत १९५० पर्यंत पडताळता येते. तिथेही नसेल तर ते पुस्तक तुमच्या इमारतीपेक्षा मोलाचं असू शकतं.

नदीपलीकडची

सगळे दुसऱ्या प्रश्नाला बगल देतायत. अभ्यासिकेवर लिहिते.

साठ जण लॅपटॉप लावून बसले तर माणशी ६५ वॅटनं ३.९ किलोवॅट, वर पंखे आणि दिवे. जुन्या सिंगल फेजच्या वायरिंगला हे झेपत नाही. आधी मंजूर भार वाढवा, प्रत्येक रांगेला वेगळा एमसीबी द्या. वीजबिल कुठल्या वर्गात येतंय तेही बघा. वाचनालयाला सार्वजनिक सेवेचा दर हवा, व्यापारी नव्हे.

जागा: माणशी तीन फूट बाय दोन फूट टेबल, मागे खुर्ची सरकायला आणि चालायला तीन फूट. याहून दाटी केली की एक जण उठला की चौघांची तंद्री मोडते. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि परतीच्या वेळेला रस्त्यावर दिवा. हे नसेल तर 'सकाळी सहा ते रात्री अकरा' ही वेळ फक्त मुलग्यांसाठी असते, पाटीवर काहीही लिहा.

आता मुख्य मुद्दा. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या खाजगी अभ्यासिका म्हणजे भाड्याची खुर्ची. पोरं आपली पुस्तकं घेऊन येतात, कपाटाकडे बघतही नाहीत. वाचनालयानं तेच केलं तर खाजगीवाला एसी लावून जिंकणार. वाचनालयाकडे त्याच्याकडे नसलेलं एकच आहे, संग्रह. म्हणून खुर्चीच्या पासाबरोबर देवघेवीचं सभासदत्व सक्तीनं जोडा. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, महाराष्ट्राचा इतिहास यांच्या चार-चार प्रती त्याच दालनात ठेवा, बाहेर न नेण्याच्या अटीवर. चालू वर्षाची आवृत्ती हवी, दोन वर्षांपूर्वीची चालू घडामोडींची पुस्तकं सरळ बाद. हो, इथे मी बाद करण्याच्या बाजूची आहे.

मालकंस

आणि मांडण्या कुठे हलवणार? वरच्या लाकडी मजल्यावर? हीच नेहमीची चूक.

हिशोब करा. सहा फुटी, तीन फूट रुंद, दोन्ही तोंडांची लोखंडी मांडणी. एका बाजूला पाच कप्पे, म्हणजे एकूण नऊ मीटर पुस्तकं. मीटरला पंचवीस किलो धरले तर सव्वादोनशे, मांडणीचं वजन वेगळं. एवढं सगळं जेमतेम तीन बाय दीड फुटांवर उभं. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला भारतीय मानकात चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सहाशे किलो भार धरतात, आणि तोही २.२ मीटर उंचीपर्यंतच. घरगुती मजला साधारण दोनशेला बांधतात. सागवानी तुळई आवाज करत नाही, नुसती वाकते. फरशीच्या सांध्यात भेग दिसली की समजा उशीर झाला.

पोरं वर, पुस्तकं खाली. आणि मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे वाळवीची माती दिसते. भिंतीला टेकलेल्या कपाटात वाळवी मागून शिरते आणि पुस्तकाचा फक्त कणा शिल्लक ठेवते. बाहेरून रांग एकदम झकास.

रद्दी_नव्हे_ठेवा

कडुनिंबाचा पाला ठेवला तर?

जपानी_कागद

पाला ओला असेल तर बुरशीला आमंत्रण. कसर किंवा अळी लागलेली थोडीच पुस्तकं असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर पंधरा दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. भिजलेली पुस्तकं मात्र दोन दिवसांत वाळायला लागली पाहिजेत, त्यानंतर बुरशी धरते. पंख्याखाली, उभी, पानं किंचित फाकवून. उन्हात कधीच नाही, पुठ्ठा धनुष्य होतो.

खर्डेघाशी

पैसा कुठून आणायचा यावर कुणी बोलत नाही म्हणून.

परिरक्षण अनुदान वर्गावर ठरतं: जिल्हा, तालुका, इतर, आणि त्यात अ, ब, क, ड. २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल अडकले, २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली. मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत सरकार, उरलेले दहा संस्थेनं उभे करायचे. अनुदानातला निम्मा भाग वेतनाला, निम्मा वेतनेतर, आणि त्यातच पुस्तकं, नियतकालिकं, वीज, बाइंडिंग. हप्ता उशिरा आला की ग्रंथपालाचा पगार थांबतो. आणि ग्रंथपाल महिना रिकाम्या हातानं घरी गेला की नोंदवही तिथेच थांबते, हे लक्षात घ्या. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून पुस्तकांचे गठ्ठे येतात, पण त्यातली निवड आपल्या गावाला बेतलेली असेलच असं नाही.

आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं मालमत्ता करावर उपकर आहे. आपण वर्गणीवर आणि दिवाळी अंकांच्या योजनेवर जगतो. ती योजना नीट चालवा: प्रत्येक गाजत्या अंकाच्या दोन प्रती, चार दिवसांची मुदत, वेगळी वर्गणी, संक्रांतीपर्यंत. संक्रांतीनंतर अंक कुणी विचारत नाही.

बडोदेकर_नव्हे

वर्गणी हाच मूळ रोग आहे. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनना आणलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयं आणि फिरत्या पेट्या सुरू केल्या. आपण अजून अनामत आणि वर्गणीत अडकलोय. अठरापगड गाव 'सभासद' या शब्दापाशीच थांबतं.

खर्डेघाशी

संस्थानाच्या तिजोरीवर मोफत देणं सोपं असतं हो. तिजोरी पाठवा, वर्गणी उद्या बंद करतो.

(तरी वाचन कक्षात बसून वर्तमानपत्र वाचायला पैसे घेऊ नयेत, एवढं तुमचं मान्य.)

युनिकोडे

संगणकीकरण निघणारच, म्हणून आधीच सांगतो. ई-ग्रंथालय किंवा कोहा, दोन्ही चालतात, अडचण आज्ञावलीची नसते, नोंदींची असते.

जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. युनिकोडमध्ये नेताना रफार भलत्या अक्षरावर जातो, 'पूर्व' चं काहीच्या बाही होतं. हजार नोंदींचा नमुना हातानं तपासल्याशिवाय बाकीच्या चढवू नका. 'ॲ' तीन प्रकारे टंकला जातो: स्वतंत्र ॲ, अ वर चंद्र दिलेला, आणि ए वर चंद्र. वाचणाऱ्याला एकच, संगणकाला तीन वेगळे, त्यामुळे 'ॲड.' शोधलं की निम्मी पुस्तकं गायब. लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं: आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, मध्ये मोकळी जागा. हा नियम भिंतीवर लावा.

वर्गांक ड्यूईच्या दशांश पद्धतीनं द्यायचा तर मराठी साहित्य ८९१.४६, कविता शेवटी १, नाटक २, कादंबरी-कथा ३. पण छोट्या गावात कादंबऱ्यांना एवढं लांबलचक देऊन उपयोग नाही, 'क' आणि लेखकाची तीन अक्षरं पुरतात. इतिहास, कायदा, शेती यांना ड्यूई द्या. एक माणूस नीट काम केलं तर दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं चढवतो. अठरा हजारांना वर्ष धरा. 'दोन महिन्यांत करून देतो' म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून वाटेला लावा.

आणि हो, बाद करायचं ते आधी बाद करा. जे रद्दीत जाणार त्याचा बारकोड कशाला चिकटवायचा?

दप्तरदार

स्कॅनिंगबद्दल पूरक. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. म्हणजे १९६४ मध्ये वारलेल्याचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वेगळं मोजायचं, चित्रकाराचंही. हक्क शिल्लक असले तरी स्वतःजवळ छापील प्रत असलेल्या सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनं दिली आहे. ठेवायची, समूहांवर वाटायची नाही. ३०० डीपीआय, रंगीत. काळ्या-पांढऱ्यात पिवळ्या कागदावरची मात्रा-अनुस्वार उडतात.

कपाटातला_गणू

सर्वांचे आभार. भरपूर मिळालं. पंतांनी सांगितल्याप्रमाणे पहिलं इतिवृत्त शोधताना ग्रंथपालांना माळ्यावर सुतळीनं बांधलेल्या अकरा वह्या दिसल्या. दाखल नोंदवह्या नाहीत, देवघेवीच्या आहेत, सर्वात जुनी १९३४ ची. दोन्ही तट एका गोष्टीवर एकदम राजी आहेत: 'या तर नक्की रद्दीत'.

पेठेतला_पंत

थांबवा त्यांना!

पुस्तकाची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळेल. १९३४ मध्ये तुमच्या गावात कुणी काय नेलं आणि किती दिवसांनी परत केलं, याची दुसरी प्रत जगात नाही. बायका स्वतःच्या नावावर पुस्तक कुठल्या वर्षापासून नेऊ लागल्या, कुठल्या आळीतले सभासद केव्हा आले, ४२ सालच्या ऑगस्टमध्ये काय वाचलं जात होतं, सगळं त्या रकान्यांत आहे. आणि गणूशेठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच. 'दहा वर्षांत कुणी नेलं नाही' हे तुम्ही कशावरून म्हणता? त्याच वहीच्या आजच्या भावंडावरून. दहा वर्षं न गेलेलं पुस्तक त्याआधी चाळीस वर्षं सतत जात होतं का, ते बघून मग काढा.

नदीपलीकडची

सहमत, एक सावधगिरी: त्यात लोकांची नावं आहेत. अलीकडच्या वह्या कुणालाही चाळायला देऊ नयेत. शेजाऱ्यानं काय वाचलं हा गावातला सर्वात जुना चर्चेचा विषय आहे.

मालकंस

वह्या माळ्यावरून एकदम ओढून काढू नका. सुतळी कापा, सोडवू नका. खाली फळी धरून आडव्याच उतरवा.

जपानी_कागद

आणि उतरवल्यावर आधी मऊ ब्रशनं धूळ, मधून कडेकडे. ओल्या फडक्यानं नाही, त्या काळची शाई पाण्यानं पसरते.

जोशीबुवा_चष्मेवाले

१९३४ च्या वहीत एखादं पुस्तक अजून परत आलेलं नसेल तर दंड किती झाला?

दप्तरदार

@जोशीबुवा, आधी ते पुस्तक दाखल नोंदवहीत बाद केलंय का बघावं लागेल. केलं नसेल तर ते अजून येणे आहे.